भाऊबीज ते होळी: वडशाचा एक हंगाम

6 नोव्हेंबर 2021, शनिवार, भाऊबीज. तुम्हाला वडशात उतरवतो. सरकारी कागदांवर या गावाचं नाव देसाईगंज आहे, पण काळीपिवळीवाला ‘वडसा, वडसा’ असाच पुकारा करतो. आज तुम्हाला काळीपिवळीशिवाय इलाज नाही, एसटीचा संप सुरू आहे. ब्रह्मपुरीहून निघून वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा संपतो आणि गडचिरोली लागतो. तुमच्या मांडीवर कुणाची तरी पिशवी, पायाशी कुणाचा तरी कोंबडा. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात. हलका धान कापून पडलाय, भारी अजून उभा आहे. पुढच्या तीन आठवड्यांत तोही कापला जाईल, शेतात धानाचे पुंजणे उभे राहतील, चुरणे म्हणजे मळणी होईल, आणि वर्षातून एकदाच येतो तसा पैसा घरात येईल. तुम्ही ज्या हंगामासाठी आलात, तो या पैशावर उभा आहे.

बाजारात शिरा आणि मान वर करून चाला. दुकानांच्या डोक्यावर, जिन्यांच्या तोंडाशी, गल्लीच्या कोपऱ्यावर बोर्डच बोर्ड: अमुक रंगभूमी, तमुक नाट्यसंपदा, फलाणं थिएटर्स. या एका तालुक्याच्या गावात पन्नासच्या आसपास नाटक कंपन्यांची दुकानं आहेत. होय, दुकानंच. आत एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पोस्टरं आणि मालकाच्या हाताखाली एक जाडजूड डायरी. पोस्टरवर नटनट्यांचे पासपोर्टवजा फोटो ओळीनं, वर लालपिवळ्या अक्षरांत नाटकाचं नाव. कुंकू, आई, बाप, सौभाग्य, माती यांपैकी एखादा शब्द त्या नावात सापडणारच.

खेड्यातून चार जण आलेत. एक म्हातारे, तीन पोरं, गावच्या मंडळाचे. मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रेचा, दिवस त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे, तो हलत नाही. त्यामुळे कंपनीची तारीख मोकळी आहे की नाही एवढाच प्रश्न. तुम्हाला वाटतं, आता ते नाटकाचं कथानक विचारतील.

“कॉमेडी कोन करते जी?”

“लावनीवाली मागच्या वर्षीचीच आहे का?”

“अन्‌ ऑर्गनवर?”

नाटकाचं नाव चौथ्या क्रमांकाला येतं. घासाघीस होते, बयाणा मोजला जातो, डायरीत गावाचं नाव चढतं. कंपनीनं ठरलेल्या रकमेत नाटक करायचं. मैदान, कनात, तिकीटविक्री, जेवणखाण आणि नफा-तोटा गावाचा. उरलेल्या पैशातून देवळाची फरशी होते, शाळेचं कुंपण होतं. तोटा आला तर मंडळाची पोरं वर्षभर तोंड चुकवत फिरतात. भाऊबीज ते धुळवड, सव्वाशेच्या वर रात्री. त्या डायरीतल्या किती रात्री भरल्या यावर कंपनीचं वर्ष ठरतं, आणि नटांचंही. कारण इथे पगार नसतो, नाईट असते. खेळ झाला तर पैसे.

यंदा त्या डायरीकडे सगळे जरा भीतभीतच पाहतायत. मागचा हंगाम कोरोनानं जवळजवळ गिळला. 22 ऑक्टोबरपासून राज्यातली नाट्यगृहं उघडली आहेत, निम्म्या क्षमतेनं. हा नियम कुणी मालक मोठ्यानं वाचून दाखवतो आणि खोलीत हशा पिकतो. जमिनीवर बसणाऱ्या प्रेक्षकांची निम्मी क्षमता मोजायची कशी?

त्याचं उत्तर रात्री मिळेल. गावाचं नाव सांगत नाही. वडशापासून तासाभराच्या आत अशी कितीतरी गावं आहेत. तुम्ही नऊला पोचता. दिवसभर मंडई झाली आहे, दुपारी दंडारीचा फड रंगून गेलाय, घरोघरी पाहुणे आहेत. ओळख ना पाळख, पण एका अंगणातून हाक येते: “या जी, जेवून घ्या, नाटकाले अजून लई वेळ आहे.” पत्रावळीवर भात, रस्सा, लाखोरीची भाजी. ओसरीवर एक नवरा मुलगा नव्या शर्टात अवघडून बसलाय. नाटकाच्या निमित्तानं आलेल्या पाहुण्यांत सोयरिकी जुळतात, तेव्हा मंडईत कुणाच्या घरी कोण उतरलंय याची खबर साऱ्या गावाला असते.

मैदान गावाबाहेर. चारी बाजूंनी टिनाची आणि कापडाची कनात, दाराशी तिकिटाचं टेबल. आत शिरलात की पाय आपोआप उताराला लागतात. जमीन खोदून रंगमंचाकडे उतरती केली आहे, म्हणजे मागच्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं. पुढे मान्यवरांच्या खुर्च्या, बाकी सगळे जमिनीवर. ज्यानं त्यानं आपापलं बोरं, सतरंजी, घोंगडं आणलंय. तुम्ही काहीच आणलेलं नाही हे शेजारच्या आजीबाईंच्या लक्षात येतं आणि त्या बोऱ्याचं अर्धं टोक तुमच्याकडे सरकवतात. फल्ली विकणारा पोरगा पायांवर पाय देत जातो. थंडी आता चावायला लागली आहे.

दहा वाजतात. नाटक नाही, उद्घाटन. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलक; नारळ आणि हार. डिसेंबरात नगरपंचायतींच्या निवडणुका आहेत, तेव्हा भाषणं लांबणारच. एक मोटारसायकल वाटेत आडवी लागली आहे, तिचा नंबर माईकवरून पुकारला जातो. अकराच्या पुढे कधीतरी ऑर्गनचा सूर उठतो, त्याखाली तबला, आणि पडदा उघडतो.

पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही, पुण्या-मुंबईचे प्रेक्षक, मनातल्या मनात गुण कापायला लागता. प्रॉम्प्टरचा आवाज स्पष्ट ऐकू येतोय; प्रत्येक वाक्य आधी विंगेतून येतं, मग नटाच्या तोंडून. तालमी दसऱ्यानंतरच्या थोड्या दिवसांत उरकलेल्या. एखादा नट आजारी पडला तर दुसऱ्या कंपनीचा मोकळा नट संध्याकाळी गाडीत बसतो आणि प्रॉम्प्टरच्या भरवशावर रात्री उभा राहतो. अभिनय भडक, रडणं मोठ्यानं, खलनायक तर पहिल्या पावलापासून खलनायक. तुमचं बरोबर आहे, गुण कापा. पण जरा थांबून मागे वळून पाहा. हजारो माणसं आहेत, माईक अधूनमधून खरखरतोय, आणि शेवटच्या रांगेतला माणूस रंगमंचापासून इतका लांब आहे की नटीच्या भुवईची हालचाल त्याला दिसणं शक्य नाही. हे नाटक त्याच्यासाठीही आहे. त्यानंही तेच तिकीट काढलंय. तिथवर पोचायचं तर आवाज लावावा लागतो. नाट्यगृहातल्या कुजबुजीनं इथे भागत नाही.

दुसऱ्या अंकात कॉमेडीवाला येतो आणि मैदान त्याच्या ताब्यात जातं. तो प्रॉम्प्टरशीच भांडतो, उद्घाटकांच्या लांबलेल्या भाषणाची नक्कल करतो, इथल्या झाडीबोलीत असं काही बोलतो की तुम्हाला अर्धं कळतं आणि आजीबाई पदराआड तोंड लपवून हसतात. मग लावणी. वन्समोअर. बक्षिसं येतात, नावानिशी पुकारली जातात, पन्नास, एकशेएक. पैसे देणाऱ्याला आपलं नाव अख्ख्या पंचक्रोशीसमोर ऐकायचं असतं. त्यात वावगं काय? तिसऱ्या अंकात आई मरते. साडेतीन वाजलेत. पोरं बोऱ्यांवर लोळलीत, पण बायका जाग्या आहेत आणि चक्क रडतायत. तुमचाही घसा दाटतो आणि त्याचा तुम्हाला थोडा राग येतो.

उजाडायला नाटक सुटतं. पडदे गुंडाळून ट्रकात. मेलेली आई चेहऱ्याला खोबरेल तेल लावून रंग पुसतेय आणि दुसऱ्या हातानं चहा धरून आजच्या रात्रीच्या गावाचा रस्ता विचारतेय.

आता जरा जास्त मागे जाऊ. 1982 सालचा हिवाळा. गडचिरोली जिल्हा नुकताच, 26 ऑगस्टला, चंद्रपुरातून वेगळा झालाय. वडशाला येणारी गोंदियाची रेल्वे अजून अरुंद रुळांवर आहे आणि पाळण्यासारखी हलते. त्या वेळच्या गावातलं नाटक गावच्या पोरांचं होतं: शिक्षक, शेतकरी, सुतार, न्हावी हे नट, स्त्रीभूमिकेसाठी बाहेरून कलावंत बोलवायचे. ‘एकच प्याला’ आणि ‘लग्नाची बेडी’ ही शहरात पुस्तकात जाऊन बसलेली नाटकं इथे धानाच्या बांध्यांत जिवंत होती. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे याच मातीतून आले. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या घरात भूमिका. हे आकडे वाचताना नजर पटकन पुढे सरकते. मागे या आणि पुन्हा वाचा. लोकांनी त्यांना झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्याचा, दादा कोंडके म्हटलं, ज्यात कौतुक आहे आणि थोडा अन्यायही. माणूस कितीही मोठा झाला तरी त्याची ओळख मुंबईच्या मापानंच द्यायची, ही आपली जुनी सवय.

ती सवय घेऊनच 2021 मध्ये परत या, कारण त्याच मुद्द्यावर मला बोलायचंय. शहरातले नाट्यवेडे झाडीपट्टीला दुसऱ्या फळीची रंगभूमी समजतात. तोंडावर म्हणत नाहीत, ‘लोकरंगभूमी’ म्हणतात. दुसरी फळी म्हणजे काय, हे फुटबॉलवाल्यांकडून शिकावं. चेक प्रजासत्ताकातली दुसऱ्या फळीची लीग घ्या. सोळा संघ, प्रत्येकाशी दोनदा सामना, शरदात अर्धा हंगाम. मग बर्फामुळे मैदानं बंद, आणि वसंतात उरलेला अर्धा. पहिला येईल तो वरच्या लीगमध्ये चढतो, तळाचे खाली घसरतात. छोट्या गावांचे संघ वर्षभर त्या एका पायरीसाठी धावतात. म्हणजे दुसरी फळी दुसरी असते ती पहिलीकडे जिना असतो म्हणून. वडशाहून वर जाणारा जिना कुठे आहे? इथला गाजलेला नट मुंबईत गेला तर त्याला पुन्हा एबीसीपासून सुरुवात करावी लागते. उलट नागपूरचे, मुंबई-पुण्याचे कलावंत हंगामात चार पैसे मिळवायला इकडे येतात, वडशात खोली भाड्यानं घेतात. जिना नाही, खालचा-वरचा मजला नाही. मग फळी कसली? ही स्वतंत्र लीग आहे. तिचं गुणपत्रक कुठे छापत नाहीत, पण ब्रह्मपुरीच्या, आरमोरीच्या, सिंदेवाहीच्या कुठल्याही पानठेल्यावर उभे राहा: कुणाचं नाटक चाललं, कुणाचं पडलं, कोणत्या हिरोनं दारू पिऊन घोळ घातला, सगळा निकाल सकाळी आठच्या आत लागलेला असतो. तो निकाल समीक्षकाच्या हातात नाही. पडलेल्या नाटकाला पुढचं गाव मिळत नाही. अनुदानाच्या आधारावर चाललेल्या ‘पहिल्या फळी’तल्या कितीतरी नाटकांना ही परीक्षा झेपणार नाही.

आणि दर्जा म्हणाल तर वरपासून खालपर्यंत सगळा आहे, कुठल्याही लीगमध्ये असतो तसा. भिकार नाटकं आहेत, चोरलेली आहेत. त्याच मैदानावर नवरगावच्या सदानंद बोरकरांचं ‘आत्महत्या’ झालं. शेतकरी ज्या विषयावर घरात बोलत नव्हता तो त्याच्याच गावच्या रंगमंचावर मांडला गेला. अनिरुद्ध वनकरांचं ‘घायाळ पाखरा’ लोकांनी पुन्हा पुन्हा बोलावलं.

13 नोव्हेंबर. हंगाम आठवड्याचा झालाय. मर्दिनटोल्याच्या जंगलात चकमक होते, 26 माओवादी मारले जातात, त्यांचा मोठा नेता मिलिंद तेलतुंबडे त्यांत असतो. गडचिरोलीचं नाव देशभरच्या पडद्यावर झळकतं आणि तुमचे नागपूरचे नातेवाईक फोन करून परत यायला सांगतात. जिल्हा केवढा लांबरुंद आहे हे त्यांना सांगून पाहा. इथल्या रात्रीची भीती निराळी आहे. आरमोरी-वडशाच्या पट्ट्यात वाघ आहे, म्हणून नाटक सुटल्यावर कुणी एकटंदुकटं पायवाटेनं जात नाही, उजाडेपर्यंत थांबतात. पहाटेपर्यंत नाटक ताणायला हेही एक कारण पुरेसं आहे.

16 डिसेंबर, गुरुवार. पानठेल्यावर एकच गलका: पट सुटला! सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना अटी घालून परवानगी दिली आहे. इकडे त्याला शंकरपट म्हणतात. 7 मे 2014 च्या निकालानं तो बंद पडला होता, आणि पटाबरोबर नाटकाचंही कंबरडं जरा मोडलं होतं. कारण दिवसा पट, रात्री नाटक, अशी जोडी होती. सात वर्षं शेतकऱ्यांनी पळाऊ बैल कशासाठी सांभाळायचे? ज्यांनी तरीही सांभाळले त्यांना आज मिठाई वाटावीशी वाटतेय. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबकाला बंदी, सगळं मान्य. वडशाच्या दुकानांत डायरीची पानं भराभरा उलटतात: जानेवारीत गर्दी होणार.

बैलांना मारू नये या न्यायालयाच्या मताशी मी सहमत आहे, हे मध्येच सांगून टाकतो. पटाच्या शौकिनांना ते आवडणार नाही. पण पट बंद झाला तेव्हा बैलांचा विचार झाला, त्या रात्रीच्या ऑर्गनवाल्याचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नसेल.

24 डिसेंबर. ओमायक्रॉन. राज्य सरकारचा आदेश येतो: रात्री 9 ते सकाळी 6, पाचांहून अधिक जणांनी एकत्र येऊ नये. तुम्ही डायरीवरच्या मालकाच्या चेहऱ्याकडे पाहू नका, सरळ घड्याळाकडे पाहा. नऊ ते सहा! मंत्रालयात बसून कुणी झाडीपट्टीच्या नाटकाची वेळ काढून दिली असती तर ती इतकी नेमकी जमली नसती. 10 जानेवारीपासून आणखी कडक: दिवसा जमावबंदी, रात्री 11 ते पहाटे 5 संचारबंदी. पुण्यातल्या नाट्यगृहाला साडेपाचचा खेळ लावण्याची पळवाट तरी सुचू शकते. इथे दिवसा माणूस शेतात असतो, आणि उघड्या मैदानात दुपारच्या उन्हात पडदा, दिवे, जंगलाचा देखावा हे सगळं फिकं फडकं दिसतं. नियमाप्रमाणे पडदा उघडणारच नाही.

आजार खरा होता, मागच्या उन्हाळ्यात घराघरांतून माणसं गेली होती, तेव्हा निर्बंधच नकोत असं कुणी शहाणा म्हणणार नाही. तक्रार एवढीच की नियम लिहिताना डोळ्यांसमोर खुर्च्यांचं वातानुकूलित सभागृह होतं. उतारावर बोरं टाकून रात्रभर बसणारे हजारो लोक आणि त्यांच्यावर पोट असणारे नट, ऑर्गनवाले, पडदे रंगवणारे, मंडपवाले, भोंगा लावून गावोगाव फिरणारे ऑटोवाले, फल्ली विकणारी पोरं, हे त्या कागदावर कुठेच नव्हते. सबंध जानेवारी त्यांनी फोनकडे पाहत काढला. वडशातल्या खोल्यांचं भाडं मात्र चालू होतं.

1 फेब्रुवारीपासून दोर सैल होऊ लागतो. उरले किती? दीड महिना. भरलेल्या तारखा उडाल्या, मंडईचे दिवस टळून गेले, धानाचा पैसा लग्नांत आणि उसनवारीत निघाला. तरी गावं येतात. तुम्ही शेवटच्या पंधरवड्यात पुन्हा एकदा उतारावर जाऊन बसा, या वेळी स्वतःचं बोरं घेऊन. मोहाची फुलं पडायला लागली आहेत. नटांचे आवाज बसलेत, पण पाठांतर आता पक्कं झालंय आणि प्रॉम्प्टर पेंगतोय. याच दिवसांत नाटक खरं उभं राहतं. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातलं पाहून मत बनवणाऱ्यांना मी म्हणूनच फारसं गंभीरपणे घेत नाही. 18 मार्च 2022, धुळवड. डायरी मिटते.

राज्यातले सगळे निर्बंध उठले ते 2 एप्रिलला, गुढीपाडव्याला. हंगाम संपून पंधरा दिवस झाले होते.

त्यानंतरचं थोडक्यात सांगून तुम्हाला आजमध्ये सोडतो. 3 जून 2022 ला तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ चित्रपट आला. त्यात वडशाचे हे बोर्ड, हे पडदे, ही माणसं शहरातल्या पडद्यावर दिसली. ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात सीटी-1 हा वाघ पकडला गेला; तेरा माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. 2023 च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे सिनेमा झाला, पुरस्कार झाला, पट पक्का झाला. रात्रीच्या उघड्या रंगमंचाची परवानगी, वेळ आणि आपत्तीतली भरपाई यांचे वेगळे नियम मात्र सरकारनं आता बसून लिहावेत. त्यासाठी मुंबईत समिती नेमण्यापेक्षा वडशाच्या चार डायऱ्या मागवल्या तरी काम भागेल.

आणि तुम्ही? येत्या भाऊबीजेनंतर कधीही या. नागपूरहून ब्रह्मपुरीमार्गे रस्ता आहे, वडशाला रेल्वे स्टेशनही आहे. घोंगडं बरोबर आणा, कोपऱ्यावरच्या पोस्टरवरचं कुठलंही नाटक निवडा. पास मागू नका, तिकीट काढा.